दलाल नव्हे, मजूर

(नांदगाव पेठ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी तयार केलेल्या भाषणाची संहिता)

वऱ्हाडाला दलाली नवी नाही. कापसाची बोंडे फुटली की गावोगाव फिरणारा खेडा-खरेदीवाला, बाजारातील अडत्या, जिनिंग-प्रेसिंगचा मालक आणि त्याच्या पाठीमागे उभा असलेला मुंबईचा निर्यातदार ही साखळी येथील कास्तकाराच्या कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. ज्या शेतकऱ्याने चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढले होते, त्याला युद्ध का सुरू झाले आणि का थांबले यांतले काहीच ठाऊक नव्हते. भाव लिव्हरपूलला ठरत होता. त्याची झळ मात्र अमरावतीच्या खेड्यांत लागत होती. दूरच्या बाजाराशी दुबळ्या माणसाची अशी एकतर्फी गाठ बांधली जाते तेव्हा काय होते, याचा धडा या प्रदेशाने फार पूर्वी आणि फार महागात घेतलेला आहे.

त्या धड्याची उजळणी करण्याची वेळ आज पुन्हा आली आहे. या खेपेस बाजारात कापूस नाही. माणसाचा चेहरा, त्याचा आवाज आणि शेजारपाजाऱ्यांचा त्याच्यावर असलेला विश्वास यांची खरेदी-विक्री चालू आहे. इन्स्टाग्राम, यूट्यूब, फेसबुक या दृश्य समाजमाध्यमांवर एखाद्या वस्तूची चित्रफीत करावयाची, तिच्याखाली विक्रीचा दुवा द्यावयाचा आणि त्या दुव्यावरून कोणी खरेदी केली तर ठरावीक टक्के कमिशन घ्यावयाचे, या व्यवहाराला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. शहरातील सुशिक्षितांचा हा उद्योग आता तालुक्याच्या गावी आणि खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. हा व्यवहार करणारा तरुण कोण? तो व्यापारी आहे, दलाल आहे की मजूर आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर समाजवादी कार्यकर्त्याची पुढली भूमिका अवलंबून आहे.

नांदगाव पेठेचा अनुभव

हा प्रश्न नांदगाव पेठेत विचारण्याला विशेष कारण आहे. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील या गावाच्या शिवारात औद्योगिक वसाहत आली, कापड उद्योगासाठी भूखंड पडले, २७० मेगावॅटचे पाच संच असलेले १३५० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. सिंचनासाठी बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी त्या वीज केंद्राला देण्यावरून शेतकऱ्यांनी संघर्ष केला, तो या जिल्ह्याला चांगला आठवतो. जमीन आणि पाणी देताना गावाला सांगितले गेले ते रोजगाराचे आश्वासन होते. कारखाने आले, काही हातांना कामही मिळाले. परंतु जे मिळाले त्यातील पुष्कळसे कंत्राटी, आणि पदवी घेतलेल्या मुलामुलींच्या अपेक्षेला न पुरणारे. शेती परवडत नाही, सरकारी नोकरभरती वर्षानुवर्षे रेंगाळते, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत उमेदीची वर्षे निघून जातात. अशा तरुणाच्या हाती स्वस्त इंटरनेटचा भ्रमणध्वनी असेल आणि कोणी त्याला ‘घरबसल्या कमवा’ म्हणून सांगत असेल, तर त्याने ते ऐकले यात त्याचा दोष नाही. रोजगार निर्माण करण्यात जी व्यवस्था अपेशी ठरली, तिनेच त्याला या वाटेवर आणून सोडले आहे.

तेव्हा या तरुणाला ‘रीलवाला’ म्हणून हिणवण्याची जी वृत्ती जुन्या कार्यकर्त्यांत दिसते, ती प्रथम टाकून दिली पाहिजे. तो आळशी नाही. चित्रफितीसाठी वस्तू निवडणे, बोलण्याची जुळवाजुळव करणे, उजेड पाहून चित्रण करणे, कापाकाप करणे, पाहणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे सारे श्रमच आहेत. प्रश्न श्रमांचा नाही. त्या श्रमांचे मोल कोण ठरवितो, हा आहे.

व्यवहार चालतो कसा?

अमेरिकेतील अॅमेझॉन कंपनीने १९९६ साली, ती मुख्यतः पुस्तके विकत होती तेव्हा, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. दुकानदाराने जाहिरातीवर आगाऊ पैसा घालावयाचा नाही. इतरांनी गिऱ्हाईक आणून द्यावे आणि विक्री झाली तरच त्यांना वाटा मिळावा, हे तिचे सूत्र. प्रत्येक प्रचारकाला एक खुणेचा दुवा मिळतो. त्या दुव्यावरून आलेले गिऱ्हाईक कंपनीच्या संगणकाला ओळखू येते. ही ओळख फार काळ टिकत नाही. अॅमेझॉनच्या नियमाप्रमाणे साधारणपणे २४ तासांत खरेदी झाली तरच तिचे श्रेय प्रचारकाला मिळते. चित्रफीत पाहून एखाद्या बाईने विचार केला, घरात विचारले आणि तीन दिवसांनी स्वतःच जाऊन तीच वस्तू घेतली, तर प्रचारकाच्या पदरी काही पडत नाही. वस्तू परत गेली तर कमिशनही जाते. नव्याने नोंदलेल्या प्रचारकाकडून पहिल्या १८० दिवसांत तीन विक्रीसुद्धा झाल्या नाहीत तर त्याचे खाते बंद केले जाते. हे सारे नियम एका बाजूने लिहिलेले आहेत. दुसऱ्या बाजूला आहे केवळ ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवण्याचे स्वातंत्र्य.

आता एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका तरुणीने ६०० रुपयांच्या साडीची चित्रफीत केली. तिला चार तास लागले. कमिशन सहा टक्के, म्हणजे एका साडीमागे ३६ रुपये. वीस हजार लोकांनी ती चित्रफीत पाहिली, त्यांतील दोनशे जणांनी दुवा उघडला, सहा जणींनी साडी घेतली आणि दोघींनी परत केली. उरलेल्या चार साड्यांचे तिला १४४ रुपये मिळाले. म्हणजे तासाला ३६ रुपये. आठ तास काम केले असे धरले तर दिवसाला २८८. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीवरील अकुशल मजुरीचा केंद्राने ठरविलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. मातीकाम करणाऱ्या मजुराला जो दर देणे सरकारला भाग होते, त्याहूनही हा कमी. शिवाय हा हिशेब यशस्वी चित्रफितीचा आहे. जी कोणी पाहिलीच नाही तिच्या चार तासांची मजुरी शून्य, आणि अशा चित्रफितींची संख्या नेहमीच मोठी असते.

या हिशेबात आणखी एक आकडा दडलेला आहे. वीस हजार लोकांनी ती चित्रफीत पाहिली तेव्हा तिच्या आगेमागे त्या मंचाने स्वतःच्या जाहिराती दाखविल्या आणि त्यांचे पैसे घेतले. तरुणीची साडी विकली गेली नाही तरी मंचाचे उत्पन्न थांबत नाही. साडी विकली तर दुकानाचा फायदा, न विकली तरी मंचाचा फायदा, आणि दोन्ही परिस्थितींत जोखीम तेवढी त्या तरुणीची. जोखीम खाली आणि नफा वर, ही भांडवलशाहीची जुनीच वाटणी येथे नव्या चकचकीत वेष्टनात दिसते.

ती व्यापारी आहे काय?

या टीकेला एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते गंभीरपणे ऐकले पाहिजे. ‘हा स्वयंरोजगार आहे,’ असे सांगितले जाते. ‘कोणी कोणावर सक्ती केलेली नाही. भांडवल लागत नाही, जात विचारली जात नाही, वशिला लागत नाही. ज्या सुनेला घराबाहेर पडण्याची मुभा नाही तिच्या नावावर महिन्याला दोन-तीन हजार रुपये जमा होतात. हे तुम्ही तिच्याकडून काढून घेणार काय?’

या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात जमा होणारा रुपया हा कुटुंबातील तिच्या स्थानात फरक घडवितो, हे बचत गटांच्या चळवळीने दाखवून दिलेले आहे. तेव्हा हा मार्ग बंद करा, अशी मागणी कोणीही समाजवादी करणार नाही. परंतु ‘स्वयंरोजगार’ हा शब्द मात्र तपासून घेतला पाहिजे. व्यापाऱ्याची तीन लक्षणे असतात. मालावर त्याची मालकी असते, भाव ठरविण्यात त्याचा हात असतो आणि गिऱ्हाईक त्याचे स्वतःचे असते. या तरुणीजवळ यांतले काय आहे? माल कंपनीचा. भाव कंपनी ठरविते आणि दिवसातून कितीदाही बदलते. गिऱ्हाईकाचे नाव, पत्ता, आवडनिवड ही सारी माहिती कंपनीच्या वहीत जाते. तिला केवळ विक्रीचा आकडा दिसतो. एकदा तिच्या दुव्यावरून गेलेली मावशी दुसऱ्या खेपेस थेट कंपनीच्या दारात जाते.

मग ती अडत्या आहे काय? तेही नव्हे. अडत्याजवळ गाळा होता, तराजू होता, शेतकऱ्याला देण्यासाठी उचलीची रक्कम होती. त्या उचलीच्या जोरावर तो शेतकऱ्याला बांधून ठेवी. म्हणूनच तर १९७१ चा कायदा करून १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आणावी लागली. तिची पुढे जी परवड झाली तो निराळा विषय. पण मधल्या माणसाची मक्तेदारी मोडण्याची गरज तिच्यामागे होती हे विसरता येत नाही. अडत्या बलवान होता. हा नवा मधला माणूस दुबळा आहे. दुव्याच्या एका टोकाला कंपनी आणि दुसऱ्या टोकाला तोच. कंपनीला तो हवा तेव्हा हवा असतो, नको तेव्हा नको.

त्याचे खरे साम्य आहे ते विडी वळणाऱ्या बाईशी. सिन्नर, सोलापूर, भंडारा, गोंदिया येथे लक्षावधी स्त्रियांनी घरी बसून विड्या वळल्या. कारखानदार पाने आणि तंबाखू देई, हजार विड्यांमागे मजुरी ठरे, आणि वळून आणलेल्या विड्यांतून ‘छाट’ म्हणून काही बाजूला काढून त्यांची मजुरी तो देत नसे. कामगार म्हणून तिचे हक्क मागितले की उत्तर ठरलेले: ही आमची कामगार नाही, ती स्वतंत्रपणे घरी काम करते. या युक्तिवादाविरुद्ध कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला आणि घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार म्हणून मान्यता मिळाली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली, मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात, न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. तो कायदा आता नव्या श्रमसंहितांत विलीन झाला आहे. पण त्यामागील तत्त्व विलीन होता कामा नये. काम घरी होते म्हणून ते काम नाही असे ठरत नाही. परत आलेल्या साडीचे कापलेले कमिशन हे छाटीचेच नवे रूप आहे.

एका रात्रीत बदललेले नियम

मजुरीचा दर ठरविण्यात मजुराला आवाज नसला की काय होते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये, जगभर टाळेबंदी असताना आणि लोक घरी बसून अधिकाधिक खरेदी करीत असताना, अॅमेझॉनने अमेरिकेतील आपल्या प्रचारकांचे दर उतरविले. फर्निचर आणि गृहसुधारणेच्या वस्तूंवरील आठ टक्क्यांचे तीन टक्के झाले, किराणा मालावरील पाचाचा एक झाला. वाटाघाटी नाहीत, तक्रारीला जागा नाही. केवळ एक सूचना. जेथे ही पद्धत जन्माला आली त्या देशातील प्रचारकांची ही स्थिती, तर नांदगाव पेठेतील तरुणाला कोण विचारतो?

दुसरे उदाहरण भारतातील आहे. २०१५ साली बंगळूरला सुरू झालेल्या मीशो या कंपनीचा आरंभीचा विस्तार मुख्यतः गृहिणींच्या श्रमावर झाला. त्या आपल्या आप्तेष्टांना व्हॉट्सअॅपवर कपड्यांची चित्रे पाठवीत, मूळ किमतीवर आपला नफा चढवीत आणि मागणी नोंदवीत. लहान गावांतील ज्या कुटुंबांचा ऑनलाइन दुकानांवर विश्वास नव्हता, त्यांचा विश्वास या स्त्रियांवर होता. पुढे त्या कुटुंबांना सवय झाली, कंपनी ग्राहकांना थेट विकू लागली आणि तोच तिचा मुख्य मार्ग झाला. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. ज्यांच्या नातेसंबंधांवरून चालत हा बाजार खेड्यांपर्यंत आला, त्या स्त्रियांचा त्या संपत्तीत वाटा किती, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकांत नसेल; समाजवादी विचारात तो असलाच पाहिजे.

तिसरे उदाहरण सरकारचे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती आणि त्यांची चर्चा येथे करावयाची नाही. पण महाराष्ट्राच्या खेड्यांतील ज्या शेतमजुरांनी, विद्यार्थ्यांनी आणि गृहिणींनी त्या मंचावर आपला प्रेक्षक जमविला होता, त्यांचे सारे संचित एका रात्रीत नाहीसे झाले. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या आणि त्यांतील पुष्कळ जण नव्या धन्याच्या दारात पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहिले. कारखाना बंद पडला तर कामगाराला निदान नुकसानभरपाई मागता येते. येथे मागण्यासाठी मालकच सापडत नाही.

पाहणाऱ्याची बाजू

मित्रहो, या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि कामगाराचा कैवार घेताना तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. चित्रफीत पाहणारा हाही बहुधा गरीबच असतो. गावातील ओळखीची मुलगी ‘मी स्वतः वापरते, फार छान आहे’ असे सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला ती जाहिरात वाटत नाही. शेजारधर्माचा तो सल्ला असतो. त्या सल्ल्यामागे कमिशन आहे हे लपविले, तर फसवणूक वस्तूची होत नाही. ती नात्याची होते. आणि ज्या वस्तूवर कमिशन अधिक ती वस्तू अधिक चांगली असते असे नाही. अनेकदा उलटेच असते. ऑनलाइन जुगाराच्या ज्या खेळांचा प्रचार भ्रमणध्वनीवरून घरोघर झाला, त्यांनी अनेक संसार धुळीला मिळविले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला.

वऱ्हाडात हा धोका शेतीच्या संदर्भात विशेष गंभीर आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. कीटकनाशक विकणाऱ्या दुकानदाराला १९६८ च्या कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. पण कॅमेऱ्यासमोर उभे राहून ‘हे औषध मारा, बोंडअळी जाईल, खाली दुवा दिला आहे’ असे सांगणाऱ्याला कोणी परवाना विचारीत नाही. सल्ल्याने नुकसान झाले तर पीक कास्तकाराचे जाते, कमिशन मात्र पोहोचलेले असते.

कायदा येथे अगदीच गप्प नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचे समर्थन करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्षभर, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत, जाहिरात करण्यास मनाईही होऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील प्रचारकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो ठळकपणे उघड केला पाहिजे, असे त्या सांगतात. परंतु हे नियम इंग्रजीत राहतात आणि खेड्यातील प्रचारकापर्यंत पोहोचत नाहीत. नियम ठाऊक नसलेला लहान माणूस दोषी ठरेल आणि त्या चित्रफितीवर जाहिराती दाखवून पैसा करणारा मंच नामानिराळा राहील, हा न्याय नव्हे. जबाबदारीची उतरंड वरून खाली आली पाहिजे: आधी माल बनविणारा, मग मंच, आणि शेवटी प्रचारक.

आणखी एका सापळ्याकडे कार्यकर्त्यांनी लक्ष दिले पाहिजे. ‘अॅफिलिएट व्हा’ असे सांगून आधी पाच-दहा हजार रुपयांचा अभ्यासक्रम विकत घ्यावयास लावणारे आणि मग तोच अभ्यासक्रम दुसऱ्याला विकून कमिशन मिळवा म्हणून सांगणारे लोक गावोगाव सभा घेतात. कसोटी सोपी आहे. विक्रीचे कमिशन देणारी मोठी दुकाने प्रचारकाकडून प्रवेशशुल्क घेत नाहीत. उत्पन्न वस्तूच्या विक्रीतून येत नसून नव्या माणसाच्या भरतीतून येत असेल, तर ती साखळी योजना समजावी. १९७८ च्या कायद्याने पैसा फिरविणाऱ्या अशा योजनांवर बंदी आहे आणि थेट विक्रीसंबंधीचे २०२१ चे नियमही त्यांना मनाई करतात. गावातील एका जरी तरुणाला या सापळ्यातून वाचविले तरी ते पक्षकार्यच आहे.

माथाडीचे तत्त्व

आता उपायाकडे वळले पाहिजे. ‘मालक कोण हेच ठरत नाही, मग हक्क कोणाकडे मागणार?’ हा प्रश्न महाराष्ट्राच्या कामगार चळवळीपुढे पूर्वीही येऊन गेला आहे. हमालाचा मालक कोण? सकाळी तो एका व्यापाऱ्याची पोती उचली, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. प्रत्येक जण म्हणे, हा आमचा नोकर नव्हे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने या प्रश्नाला जे उत्तर लढून मिळविले ते म्हणजे १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा. त्याने कामगार आणि मालक या दोघांचीही नोंदणी करणारी मंडळे निर्माण केली. मजुरी मंडळाकडे जमा व्हावी, तिच्यावर मालकाने लेव्ही भरावी, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी, औषधोपचार यांची तरतूद व्हावी, अशी ती रचना. एकच एक मालक सापडत नसेल तर सगळ्या मालकांनी मिळून मालकाची जबाबदारी उचलावी, हे तिचे मर्म. असे कायदे जगात फार थोडे आहेत, आणि तो महाराष्ट्रात झाला ही श्रमिकांच्या चळवळीची कमाई आहे.

हमालाच्या पाठीवरील पोते आणि तरुणीच्या हातातील भ्रमणध्वनी यांत दिसावयास फार अंतर आहे. तत्त्वात ते नाही. दोघांचेही मालक अनेक, दोघांचाही दर नगावर, दोघांचाही माल दुसऱ्याचा. किंबहुना मंडळाचे काम आज अधिक सोपे आहे, कारण हिशेबाची वही कंपनीच्या संगणकात पै-पैसह तयारच आहे. प्रत्येक विक्रीच्या वेळी कमिशन आपोआप मोजले जाते. त्याच वेळी लेव्हीही मोजता येईल.

या दिशेने पहिली पावले पडली आहेत. २०२३ साली राजस्थानने मंचांवर काम करणाऱ्या कामगारांसाठी देशातील पहिला कायदा केला. २०२५ साली कर्नाटकानेही केला. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मंचचालक कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी अंशदान द्यावे असे ती सांगते. विशेष असे की या संहितेच्या सातव्या अनुसूचीत मोटारभाडे आणि जेवण पोचविणाऱ्या कंपन्यांबरोबर ऑनलाइन बाजारपेठा आणि आशय व माध्यम सेवा यांचाही उल्लेख आहे. म्हणजे दार अर्धे उघडे आहे. तथापि ‘मंच कामगार’ म्हटले की सर्वांच्या नजरेसमोर दुचाकीवरून जेवण पोचविणारा तरुणच येतो. दुव्यावर कमिशन मिळविणारी गृहिणी त्या व्याख्येत स्पष्टपणे बसविली गेली नाही, तर ती बाहेरच राहील. ते दार पूर्ण उघडणे हे चळवळीचे काम आहे.

मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. विक्रीच्या कमिशनवर काम करणाऱ्यांची कामगार म्हणून नोंदणी व्हावी. कमिशनचे दर उतरविण्यापूर्वी पुरेशी आगाऊ नोटीस द्यावी. खाते बंद करताना लेखी कारण आणि मराठीत दाद मागण्याची सोय असावी. परत गेलेल्या मालाचा आणि कापलेल्या कमिशनचा तपशील प्रचारकाला पाहावयास मिळावा. प्रत्येक विक्रीवरील लेव्ही कंपनीने भरावी. ती प्रचारकाच्या वाट्यातून कापली जाऊ नये. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावयाचे ठरविले, त्यामागील न्यायबुद्धी हीच होती. ज्याच्या पदरी मोठा लाभ, त्याने भार उचलावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. नांदगाव पेठेसारख्या गावात पहिले काम मोजणीचे. गावात असे काम करणारे किती, त्यांत स्त्रिया किती, आठवड्याला किती तास जातात आणि महिन्याला हाती काय पडते, याची वही कार्यकर्त्यांनी तयार करावी. ज्या श्रमांची नोंद नाही त्या श्रमांची मागणीही नसते. दुसरे काम या सर्वांना महिन्यातून एकदा एकत्र बसविण्याचे. आज प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा आहे आणि शेजारच्या गल्लीतील तरुणाला प्रतिस्पर्धी समजतो. दोघांचे कमिशन एकाच दिवशी उतरले आहे हे कळले म्हणजे संघटनेचा पहिला धडा पूर्ण होतो.

तिसरे काम शिस्तीचे, आणि ते प्रचारकांनी स्वतःहून स्वीकारावयाचे आहे. ‘या वस्तूच्या विक्रीवर मला कमिशन मिळते’ हे एक साधे मराठी वाक्य प्रत्येक चित्रफितीत, ऐकू येईल आणि वाचता येईल असे, असले पाहिजे. जुगार, झटपट श्रीमंतीच्या योजना, कर्ज देणारी बेकायदा अॅप्स आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याविना शेतीची औषधे यांचा प्रचार करावयाचा नाही, असा निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. एकट्याने घेतलेला असा निर्णय त्याचे उत्पन्न बुडवितो. सर्वांनी घेतलेला निर्णय गावाचा विश्वास राखतो. आणि विश्वास हेच या कामगाराचे एकमेव भांडवल आहे.

चौथे काम दूरच्या पल्ल्याचे. या गावाच्या वसाहतीत कापड तयार होते, आणि याच गावातील तरुणी भलत्याच राज्यात तयार झालेल्या साड्यांचे दुवे वाटते. वरुड-मोर्शीची संत्री रस्त्यावर ओतून द्यावी लागतात, आणि त्याच पट्ट्यातील तरुण परदेशी सौंदर्यप्रसाधनांची वाखाणणी करतो. हे कसब एखाद्या बचत गटाच्या पापडासाठी, शेतकरी कंपनीच्या संत्र्यासाठी, हातमागाच्या कापडासाठी का वापरले जाऊ नये? सहकारी तत्त्वावर चालणारे विक्री मंडळ असेल, तर माल आपला, भाव आपला आणि गिऱ्हाईकाची वहीही आपली राहील. महाराष्ट्रातील सहकाराला लागलेली कीड कोणापासून लपलेली नाही. पण साखर कारखान्यांतील राजकारण बिघडले म्हणून सहकाराचे तत्त्व खोटे ठरत नाही.

मित्रहो, यंत्राला विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम कधीच नव्हते. चरक्यापासून यंत्रमागापर्यंत त्यांनी विचारलेला प्रश्न एकच: हे साधन कोणाच्या मालकीचे आणि त्यातील नफा कोणाच्या पदरी? भ्रमणध्वनी तरुणीच्या हातात आहे, पण ज्या मंचावर ती काम करते तो तिचा नाही, ज्या सूत्राने तिची चित्रफीत कोणाला दिसावी हे ठरते ते तिला माहीत नाही, आणि ज्या वहीत तिची मजुरी लिहिली जाते ती तिला पाहावयास मिळत नाही. ती वही उघडी करून घेण्यासाठी हमालांना आणि विडी कामगारांना जे करावे लागले तेच येथेही करावे लागेल. त्याची सुरुवात तिला कामगार म्हणण्यापासून होते, आणि या गावातील तशा कामगारांची पहिली यादी येत्या महिन्यात तयार व्हावी.